आवृत्तिक्रमांक आणि ‘तेच’पणाचा प्रश्न

लिनक्सवरील पॅकेजच्या क्रमांकात दोन निरनिराळ्या कर्त्यांचे काम नोंदलेले असते. डेबियनच्या पद्धतीत शेवटच्या जोडरेषेआधीचा भाग मूळ लेखकांची आवृत्ती दाखवतो, नंतरचा भाग डेबियनच्या पॅकेजकर्त्यांनी त्यावर केलेले बदल. फेडोरा आणि रेड हॅटच्या आरपीएममध्ये याच भागांना व्हर्जन आणि रिलीज म्हणतात. मूळ कोडला हात न लावता पॅकेज नुसते पुन्हा कंपाइल केले, तरी डेबियन शेवटी ‘+बी१’ जोडते. बदलत राहणारी वस्तू ‘तीच’ आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे, या जुन्या वादाला इथे रोजच्या व्यवहारात उत्तर द्यावे लागते.

‘हा तोच देवदत्त’ अशी ओळख पटते, म्हणून वस्तू टिकून असते, असे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात. बौद्धांचा आक्षेप असा, की कापून पुन्हा वाढलेले केसही तेच वाटतात. साम्यामुळे एकत्वाचा भास होतो. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याविषयी विचारतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हेत आणि अगदी वेगळ्याही नव्हेत. त्यांच्यात सातत्य आहे.

ओळखीवर किती विसंबावे, हे एप्रिल २०१४ मध्ये कळले. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतील हार्टब्लीड हा गंभीर दोष तेव्हा उघड झाला. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली. डेबियनच्या स्थिर वितरणात मात्र १.०.१ई होती. स्थिर वितरणात अख्खी नवी आवृत्ती घातली तर इतर पॅकेजे बिघडण्याची भीती असते. म्हणून डेबियनने तेवढी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवली आणि क्रमांक झाला १.०.१ई-२+डेब७यू५. रेड हॅटनेही एंटरप्राइझ लिनक्स ६ साठी हाच मार्ग धरला. परिणामी १.०.१ई याच नावाची सदोष आणि निर्दोष अशी दोन्ही पॅकेजे जगात होती. नुसती मूळ आवृत्ती पाहणाऱ्याला सुरक्षित यंत्रही असुरक्षित दिसे. इथे बौद्धांचा आक्षेप तंतोतंत लागू पडतो.

मग क्रमांक सांगतो काय? मुख्यतः आधी कोण आणि नंतर कोण, एवढेच. १.१० ही १.९ नंतरची, कारण प्रत्येक खंड स्वतंत्र पूर्णांक म्हणून मोजला जातो. १.०~आरसी१ ही १.० च्या आधीची, कारण ‘~’ हे चिन्ह रिकाम्या जागेच्याही आधी लागते. लेखकांनी तारखेचे क्रमांक सोडून १.० पासून नवी मोजणी सुरू केली, तर नवे पॅकेज जुने ठरेल. अशा वेळी पुढे ‘१:’ हा ईपॉक लावतात. एकदा लावलेला ईपॉक पुढे काढता येत नाही, कारण काढला की क्रम पुन्हा उलटतो. जुलै २०११ मध्ये लिनक्स कर्नलचा क्रमांक २.६.३९ वरून ३.० झाला, पण त्यामागे कोणताही मूलभूत बदल नव्हता. सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये पहिला आकडा वाढला की जुन्याशी सुसंगती तुटली असे समजायचे असते. तरीही ते लेखकाने दिलेले वचन आहे. वस्तूचा गुणधर्म त्यातून सिद्ध होत नाही.

तरी बौद्ध मतालाही एक पुरवणी लागते. कार्यकारणाचे सातत्य असले की प्रवाह एक, एवढ्याने सॉफ्टवेअरचे भागत नाही, कारण एका प्रवाहाला दोन फाटे फुटू शकतात. २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गच्या कोडमधून लिबरऑफिस वेगळे झाले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली, ती १.० नव्हे, ३.३ म्हणून; त्याच महिन्यात ओपनऑफिस डॉट ऑर्गचीही ३.३ आली. दोघांचा भूतकाळ एक, क्रमांकही एक. त्यांतली जुनी वस्तू कोणती, हे कोडच्या इतिहासातून ठरत नाही. कोणते नाव घ्यायचे आणि कोणत्या प्रवाहाची देखभाल करायची, हे प्रत्येक वितरणाच्या पॅकेजकर्त्यांना ठरवावे लागले.