भांडण्याचा अधिकार

जिवलग मित्र एकमेकांशी कधी धड बोलत नाहीत, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ‘गाढवा’, ‘नालायका’ याखेरीज हाक नाही, चहाच्या पैशांपासून निवडणुकीपर्यंत कशावरच एकमत नाही, आणि तरीही संध्याकाळ झाली की एकाला दुसऱ्यावाचून करमत नाही. बघणाऱ्याला वाटते, या मैत्रीत आदर नाही. माझे मत उलट आहे. आदराबद्दल शंका नसते, म्हणूनच ही भाषा दोघांना परवडते. पण तिलाही अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर तीच भाषा माणूस मोडते.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत टर उडवण्याची मुभाच असते आणि समोरच्याने राग मानायचा नसतो, असे त्यांनी दाखवले. आपल्याकडचे दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी हे नाते त्याच जातीचे. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. ‘बोरीचा बार’ तो हाच. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी थट्टेचे दोन प्रकार सांगितले होते. एकात दोघेही एकमेकांची चेष्टा करतात. दुसऱ्यात एकाने करायची आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायची. नातेगोत्यात दुसरा प्रकार रूढीच्या आधाराने चालून जातो. मैत्रीला असा आधार नसतो, म्हणून तिथे फक्त पहिलाच प्रकार टिकतो.

अशा बरोबरीच्या मैत्रीचे उदाहरण म्हणजे टिळक आणि आगरकर. दोघेही १८५६ साली जन्मले, डेक्कन कॉलेजात मित्र झाले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. दोघांचे वाद रात्री इतके चढ्या आवाजात चालत, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावे लागे, ही आठवण त्यातलीच. त्या वादांनी मैत्री तुटली नाही. पुढे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि संमतिवयाच्या प्रश्नावर दोघे उघड विरोधात उभे राहिले. आता शब्दांना धार आली ती जखम करणारी.

मतभेद तुरुंगातही होते आणि बाहेरही. मग बदलले काय? कोठडीत पहारेकरी सोडले तर ऐकायला तिसरा कोणी नव्हता. आज हरलेला उद्या पुन्हा वाद उकरून काढू शकत होता. वर्तमानपत्रांत दोघांच्या मागे अनुयायी उभे राहिले, आणि अनुयायांदेखत एक पाऊल मागे घेणे फार कठीण असते. शिवाय प्रश्न मोठा होता, दोघांच्या शिक्षणसंस्थेतले तंटेही होते, हे खरेच. पण मित्राला प्रेक्षकांसाठी बोल लावला, की तो मित्रासाठी उरत नाही. आगरकर १८९५ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी गेले. त्यांच्यावर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिण्याची वेळ टिळकांवर आली. त्या लेखाला उत्तर देणारा आता नव्हता.

म्हणून माझ्या लेखी कसोटी दोनच: समोरच्याला तितक्याच जोरात उलटून बोलता येते का, आणि हे बोल फक्त दोघांचे आहेत का? आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या दोन्ही कसोट्या सर्रास मोडतात. जातीवरून, रंगावरून, मूल नसण्यावरून, गेलेल्या नोकरीवरून एकाच मित्राला रोज टोमणे बसतात आणि बाकीचे हसतात. तो दुखावला, तर ‘मस्करी कळत नाही का?’ म्हणून त्यालाच दोष. जातीवरच्या टोमण्याला तर बरोबरीचे उत्तरच नसते. त्या शिवीमागे शतकांचा अन्याय उभा असतो आणि उलट शिवीमागे काहीच नसते. तिला थट्टा म्हणणे हा खोटेपणा आहे.

भांडखोर मैत्रीला सभ्य बनवायला निघालेल्यांच्या बाजूचा मी नाही. कडाडून भांडता येईल असे एक माणूस प्रत्येकाच्या आयुष्यात असावे, नाहीतर आपले मत कोणी तपासतच नाही. पण तो अधिकार जितका आपला तितकाच समोरच्याचा आहे. जो मित्र नेहमी नुसताच हसून गप्प बसतो, त्याला एकदा एकांतात विचारावे, आणि उत्तर ऐकून आपली जीभ आवरावी.