विकलेल्या वस्तूवरील हक्क

मोडलेली वस्तु नीट करणें ह्यांत नीतीचा प्रश्न कोठें येतो, असें कोणी विचारल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. छत्रीची काडी मोडली, घड्याळाची कमान तुटली, तर आपण ती कारागिराकडे देतों आणि विसरतों. पण कांहीं वस्तूंचा बिघाडच असा असतो कीं, हत्यार हातीं घेण्यापूर्वीं ‘हा नाहींसा करण्याचा मला अधिकार आहे काय?’ असा प्रश्न उभा राहतो. नाणें टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचीं जीं आर्केड यंत्रें, त्यांत ह्याचें चांगलें उदाहरण सांपडतें.

कपाटासारख्या ह्या यंत्राच्या पोटांत एक सर्किट बोर्ड असतो आणि खेळ सगळा त्यावरच असतो. १९८० च्या सुमाराचा एखादा बोर्ड बंद पडला म्हणजे जाणता कारागीर एकदम चिपा उपटावयास लागत नाहीं. बोर्डावर पांच व्होल्टचा दाब खरोखर पोंचतो कीं नाहीं, हें तो प्रथम मोजतो. कारण जोडणीच्या पट्ट्या गंजल्या कीं पुरवठ्यापाशीं पांच असलेला दाब बोर्डावर साडेचारच उरतो, आणि निर्दोष बोर्डही वेड्यासारखा वागूं लागतो. नंतर प्रोसेसरला ठोके मिळतात काय, कीं वॉचडॉग नांवाचें पहारेकरी मंडळ त्यास पुन्हां पुन्हां आरंभापासून सुरू करीत आहे, हें तो पाहतो. पडद्यावरील अक्षरांचा चुराडा झाला असेल तर संशय चित्र सांठविणाऱ्या मेमरीवर जातो. कधीं प्रोग्रामच पुसलेला असतो: ईप्रॉम नांवाच्या चिपेंत तो विद्युद्भाराच्या रूपानें असतो, वर क्वार्ट्झची लहानशी खिडकी असते, आणि तिच्यावरची चिकटपट्टी निघून गेली तर उन्हांतील अतिनील किरण तो भार हळूहळू घालवितात.

ह्या सर्व शोधाला एक प्रकारचें निर्मळपण आहे. गंजाला हेतु नसतो. तो कोणाचें नुकसान व्हावें म्हणून चढत नाहीं, आणि तो खरवडून काढणारा कोणाचाही अपराध करीत नाहीं.

आतां दुसरा बिघाड पाहा. जपानांतील कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं सीपीएस-२ नांवाची रचना बाजारांत आणली. तींत खेळाचा प्रोग्राम सांकेतिक रूपांत असे, आणि तो उलगडण्याची किल्ली बोर्डावरील एका चिपेच्या मेमरींत असे. ती मेमरी एका लहानशा लिथियम बॅटरीवर जगे. यंत्र महिनोन्महिने बंद असलें तरी बॅटरी झिजतच राहते. वेळीं बदलली तर ठीक, नाहीं तर कांहीं वर्षांनीं दाब उतरतो, किल्ली पुसली जाते, आणि पडदा एकाच सपाट रंगानें भरून जातो. मल्टीमीटर लावून पाहा: एकही चिप जळलेली नसते, एकही डाग सुटलेला नसतो. हौशी लोकांनीं हिला ‘आत्महत्येची बॅटरी’ असें नांव दिलें आहे. मला तें पटत नाहीं. आत्महत्येस स्वतःची इच्छा लागते. येथें इच्छा एकाची, आणि मरण दुसऱ्याच्या घरीं.

कंपनीची बाजू पोकळ नव्हे. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ ह्या तिच्याच खेळाच्या चोरट्या, फेरफार केलेल्या प्रती देशोदेशीं पसरल्या होत्या. ज्यानें श्रम केले त्यानें आपला माल चोरापासून राखावा, ह्यास कोण हरकत घेईल? शिवाय आर्केडचा खेळ थोड्याच वर्षांत जुना होई. तीस वर्षांनींही कोणी तो जपील, हें कंपनीच्या स्वप्नींही नसावें. (स्वप्नीं नसणें हें मात्र फार सोयीचें समर्थन आहे.) पण वाड्याला कुलूप लावणें निराळें, आणि विकलेल्या वाड्याच्या पायांत सुरुंग पुरून ठेवणें निराळें. कुलूप चोराला अडवितें. सुरुंगाला चोर आणि मालक सारखेच. किंबहुना सारखेही नव्हेत. सेगा कंपनीनें त्यापूर्वींच अशी बॅटरीवर जगणारी किल्ली वापरली होती. तिच्या कांहीं खेळांच्या चोरट्या प्रती साध्या प्रोसेसरावर चालत, आणि त्यांत बॅटरीच नसे. म्हणजे पुरी किंमत मोजणाऱ्याच्या घरीं अस्सल बोर्ड मरतो, आणि नकली बोर्ड सुखानें चालतो! अशा योजनेचा हेतु कितीही शुद्ध असो, तिला न्याय्य म्हणणें मला शक्य नाहीं.

२००१ सालीं कांहीं जाणकार हौशी मंडळींनीं ह्या संकेताचा भेद केला. त्यांतून मेलेले बोर्ड चालविण्याची युक्ति निघाली: जुन्या चिपा काढून, किल्लीची गरज नसलेला, बदललेला प्रोग्राम घालावयाचा. खेळ चाले, पण कोणाचा तरी हात फिरलेला खेळ तो. थीसिअसच्या जहाजाचें उदाहरण येथें लागू पडत नाहीं. तेथें फळीच्या जागीं तशीच फळी येते. पोथीचें फाटलेलें पान नव्यानें लिहून घेणें आणि तींतील ओव्या बदलणें ह्यांत अंतर आहे. २०१६ सालीं मूळ किल्लीच बोर्डांत पुन्हां लिहिण्याची रीत प्रसिद्ध झाली, तेव्हां माझ्या मतें खरी दुरुस्ती प्रथमच शक्य झाली.

संकेतभेदाचें हें ज्ञान चोराच्याही उपयोगी पडतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरी आपल्याच घरांतील सुरुंग काढणाऱ्यास घरफोड्या म्हणतां येत नाहीं. लॉकनें मालकीचें मूळ श्रमांत शोधलें. तें खरें मानलें, तर मेलेल्या बोर्डावर रात्रीच्या रात्री खर्च करणाऱ्याचाही त्यावर थोडा हक्क पोंचतो, आणि ही गोष्ट कंपन्यांच्या वकिलांस आवडण्यासारखी नाहीं.

परत घातलेली मूळ किल्लीही पूर्वींप्रमाणें बॅटरीवरच जगते. म्हणून कित्येक मालक बॅटरी बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून ती बोर्डालाच चिकटवून ठेवतात.