साम्य, ओळख आणि न्याय

एका वस्तूस दुसरीपासून निराळें ओळखणें हें केवळ बुद्धीचें काम, कीं त्यांत नीतीचाही कांहीं अंश आहे? दोन वस्तूंची गल्लत झाली तर फार तर अज्ञान पदरीं येईल, पाप कोठून येणार, असें कोणीही म्हणेल. परंतु ओळखीच्या पाठोपाठ जेथें कृति यावयाची असते, तेथें गल्लतीचा दंड बहुधा दुसराच कोणी भरतो. आमचें म्हणणें स्पष्ट व्हावें म्हणून एका क्षुद्र किड्याचा दाखला घेऊं. मोठ्या उदाहरणांत आपले रागलोभ मिसळतात. किड्याच्या बाबतींत तें भय नाहीं.

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी आटोपल्यावर, जेथें विहिरीचें किंवा ओहोळाचें पाणी पुरतें तेथें, शेतकरी भाजीपाला करतो. त्यांतील मुळा, कोबी, नवलकोल हीं सारीं मोहरीच्या कुळांतलीं. या कुळाच्या कोवळ्या रोपांवर थंडीच्या दिवसांत अळ्या पडतात आणि पानांची चाळण करून टाकतात. बहुतेक अळ्या पतंगांच्या व फुलपाखरांच्या. परंतु एक निराळ्याच वंशांतली, करवती माशीची. शास्त्रज्ञ हिला अथॅलिया म्हणतात. नांवांत माशी असली तरी हिला दोन नव्हे, चार पंख असतात. हिचे सगेसोयरे म्हणजे मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी. मात्र त्यांची बारीक कंबर हिला नाहीं, व नांगीही नाहीं. मादीच्या पोटाच्या टोकाशीं करवतीसारखें दातेरी हत्यार असतें. त्यानें पानाची कड चिरून त्या चिरेंत ती अंडें घालते.

आतां 'काळी अळी' एवढेंच लक्षण धरलें तर काय होतें? आमच्या नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव. गाईचें लक्षण 'कपिल वर्ण' असें केलें तर पांढरी गाय सुटते. 'शिंगें' असें केलें तर म्हैसही गाय ठरते. 'अखंड खूर' असें केलें तर एकही गाय सांपडत नाहीं. काळेपणाच्या लक्षणांत पहिले दोन्ही दोष एकदम येतात. करवती माशीची लहान अळी हिरवट करडी असते, ती सुटते. आणि पतंगाची एखादी काळी अळी हिच्या नांवावर खपते. खरें लक्षण पायांत आहे. छातीचे तीन जोड दोघींनाही असतात. पोटाखालचे मांसल पाय मोजावे. पतंगाच्या वा फुलपाखराच्या अळीस ते पांच जोडांहून अधिक नसतात. हिला आठ जोड असतात. भिंग असल्यास डोळेही पाहावे: हिच्या डोक्याच्या दर बाजूस एकच साधा डोळा, त्या अळ्यांस बहुधा सहा सहा. डिवचली असतां ही वेटोळें करून खालीं पडते व मेल्याचें सोंग घेते. पण सोंग हें लक्षण नव्हे, तें इतरांनाही साधतें.

एवढी मोजदाद कशासाठीं? बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्म जंतूपासून केलेलें औषध हल्लीं बाजारांत मिळतें. त्याचा जो प्रकार पतंगांच्या अळ्यांसाठीं असतो, त्यानें त्या अळ्या मरतात. करवती माशीच्या अळीस तो बाधत नाहीं. ज्यानें पाय मोजले नाहींत तो पैसे खर्चून हें औषध फवारतो, अळी निर्धास्त चरत राहते, आणि मग चिडून तो एखादें जहाल विष हातीं घेतो. त्यांत मधमाश्या मरतात, अळ्यांना खाणारे उपकारी किडेही मरतात. अपराध एकाचा, शिक्षा भलत्यांना.

यावर कोणी म्हणेल, निसर्गांत खऱ्या जाति आहेत तरी कोठें? सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉकनें प्रतिपादिलें, कीं ज्यांना आपण जाति म्हणतों ती आपल्याच मनानें केलेली वर्गवारी असते. वस्तूचें अंतरंग आपणांस अज्ञातच राहतें. नांवांपुरतें हें म्हणणें खरें दिसतें. लिनियसनें १७५८ सालीं या माशीच्या युरोपांतील बहिणीस गुलाबाचें नांव दिलें, पण तिचा चरितार्थ मोहरीच्या कुळावरच चालतो. आपल्याकडील माशीस कांहीं ग्रंथकार 'प्रॉक्झिमा' ही स्वतंत्र जाति मानतात, तर कांहीं तिला 'ल्यूजेन्स' या जातीची पोटजात म्हणतात. केशरी अंग व धुरकट पंख यांवरून अशा बहिणी निवडणें कठीण. शास्त्रज्ञास ती करवतच काढून तिचे दाते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. परंतु नांवें डळमळलीं म्हणून भेद डळमळत नाहींत. आपण कांहींही नांव दिलें तरी आठ जोडांचे पांच होत नाहींत, आणि जें औषध लागू पडत नाहीं तें पडूं लागत नाहीं.

मग बारकाईला सीमा कोठें? आमच्या मतें ती कृतीनें ठरते. शेतकऱ्यानें आठ जोडांवर थांबावें, करवतीचे दाते मोजीत बसूं नये. जातीचा निर्णय लिहिणाऱ्यास मात्र ते मोजल्यावांचून सुटका नाहीं. जितका आपला निर्णय दुसऱ्यास घातक, तितकी आपली पाहणी कसोशीची हवी.

मनुष्यव्यवहारांत याच्या नेमकें उलट घडतें. अळीचे पाय मोजणारा मनुष्य माणसाची पारख त्याच्या पेहरावावरून, बोलीवरून, जन्मावरून एका क्षणांत करतो. १८७१ सालीं आपल्या देशांत जो गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, त्याच्या राजवटींत जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पारध्यांसारख्यांना तो डाग लागला, आणि १९५२ मध्यें कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या मनांतून तो पुसला गेला नाहीं. किडा आणि माणूस यांची तुलना आम्ही करीत नाहीं. तुलना आहे ती निर्णयाच्या रीतीची. गुन्हा ही एका व्यक्तीची कृति. तिला जन्माचें लक्षण करणें ही अतिव्याप्तीच होय. तर्कशास्त्रांत तो केवळ दोष ठरतो. कायद्याच्या हातीं तोच दोष आला म्हणजे निरपराध्याच्या दारीं पोलीस उभा राहतो. म्हणून सावकाश पाहणें ही विद्वानांची चैन नव्हे. ज्याच्याविषयीं निर्णय द्यावयाचा, त्याचें तें आपणांवरील ऋण आहे.