निनावी वस्तरा

दिवाळीच्या आधी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात, चिंच लावून लख्ख होतात, आणि त्यांच्या काठाखाली कोरलेली नावे पुन्हा वाचता येऊ लागतात. कुणाच्या लग्नात कुणी काय दिले, हे घरातली वडीलधारी माणसे त्या नावांवरून सांगतात. परंतु ते नाव असते देणाऱ्याचे. ज्या तांबटाने ठोके घालून घालून पत्र्याला आकार दिला, त्याचे नाव आपण कधी विचारतो का? वस्तूवरचे नाव नेमके कुणाचे, आणि ते नसले तर वस्तूचे काय उणे होते, हा प्रश्न मला एका जुन्या वस्तऱ्याने घातला.

आमच्या गावात केशकर्तनाचे दुकान चालवणारे माझे एक स्नेही आहेत. मी त्यांना अण्णा म्हणतो. दुकानात ते पाते बदलायचा वस्तरा वापरतात. हा मात्र त्यांच्या आजोबांच्या धोपटीतला. आजोबा त्याला नुसते 'जर्मन' म्हणत. पात्यावर गंज चढलेला, मूठ तडकलेली. आणि मुठीत फिरणाऱ्या ज्या दांड्यावर कारखान्याचा शिक्का असायचा, तो दांडा अगदी कोरा.

शिक्का नसला तरी वस्तू अगदीच मुकी नसते. या पात्याच्या दोन्ही बाजू गोल चाकावर खोल कोरून काढलेल्या आहेत. धारेजवळ पोलाद इतके पातळ, की नखाने हळूच टिचकी मारली तर ते गाते. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे जुने वस्तरे जाड, पाचरीसारखे असत. ही पोकळ घडण जर्मनीतल्या सोलिंगेनच्या कारागिरांनी नावारूपाला आणली. पुढे शेफिल्डनेही ती उचलली, म्हणून नुसत्या आकारावरून शपथ घेता येत नाही. आकार आणि आजोबांचा शब्द मिळून एवढेच म्हणता येते, की वस्तरा जर्मन, बहुधा सोलिंगेनचा. कारखाना कोणता, हे सांगता येत नाही.

मौज अशी की, या सोलिंगेनचा स्वतःचा इतिहासच नावांच्या उसनवारीचा आहे. आपल्या गावाचे नाव घालून जर्मन माल विकला जातो, अशी शेफिल्डकरांची ओरड होती. ब्रिटनने १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा केला, त्यामागे ही ओरडही होती. परक्या मालावर त्याच्या देशाचे नाव आले. ते गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होते; पण माल चांगला निघाला, आणि 'जर्मनीत बनलेले' ही अक्षरे भूषण होऊन बसली. पुढे १९३८ साली खुद्द सोलिंगेनचे नाव इतरांनी चोरू नये म्हणून जर्मनीत कायदा करावा लागला. ज्या गावावर नावचोरीचा आळ होता, त्यालाच आपल्या नावाला कुलूप घालण्याची वेळ आली!

आणि शिक्का असता, तरी तो कुणाचा असता? सोलिंगेनमध्ये पाते घडवणारा एक, त्याला पाणी देणारा दुसरा, घासणारा तिसरा, मूठ बसवणारा चौथा. घासणारे कित्येक कारागीर घरी, नाहीतर वुपर नदीकाठच्या पाणचक्क्यांवर बसून नगावर काम करीत. वालुकाश्माच्या चाकांची धूळ त्यांच्या फुप्फुसात जाई. कित्येकांचे आयुष्य तिने तोडले. पात्यावर नाव उमटे ते माल विकणाऱ्या पेढीचे. म्हणजे नामांकित वस्तराही त्याला घासणाऱ्याच्या दृष्टीने निनावीच की!

तरी तो घासणारा अगदीच पुसला गेलेला नाही. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून धारेचा कोन आपोआप मिळतो. तो कोन आपण ठरवीत नाही. त्या माणसाने तो केव्हाच ठरवून ठेवला आहे.

अण्णांनी आणि मी काही रविवार या वस्तऱ्यावर घालवले. मूठ सेल्युलॉइडची होती. ते कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पोलाद खाते. म्हणून अण्णांनी शिसवीची नवी मूठ केली. गंज काढायला मी विजेच्या चाकाची आठवण केली, तर ते म्हणाले, "नको गुरुजी, पातळ पाते क्षणात तापतं. निळं पडलं की पाणी उतरलंच." मग तेल आणि बारीक पॉलिश कागद घेऊन हातानेच घासत बसलो. घासताना ध्यानात आले की, गंजाबरोबर त्या कारागिराचे कामही कणाकणाने निघून जाते आहे. चकाकी हवी ती आपल्या हौसेला. वस्तऱ्याला फक्त धार हवी. पात्याच्या मधल्या भागावर काही काळे डाग राहिले, ते आम्ही राहू दिले.

एक दिवस मुंबईचा एक संग्राहक वस्तरा घ्यायला तयार झाला. मोठ्या कारखान्याचा असेल तर चांगली किंमत देईन, म्हणाला. अण्णा माझ्याकडे आले. "गुरुजी, त्या जुळ्या माणसांच्या खुणेचा होता, शिक्का घासला गेला, एवढं लिहून द्या. पोरीची कॉलेजची फी भरायचीय." सोलिंगेनमध्ये १७३१ साली नोंदलेली ती खूण मीच त्यांना पुस्तकात दाखवली होती.

मी लिहून दिले ते असे : 'घडण जर्मन, बहुधा सोलिंगेनची. कारखाना अज्ञात. मूठ नवी.' वस्तरा निम्म्या किमतीला गेला. उरलेली फी अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली.

तुम्ही म्हणाल, गुरुजींचे सत्य स्वस्तात पार पडले! खरेच आहे, खरे मी बोललो आणि किंमत अण्णांनी मोजली. दुसऱ्याच्या खर्चाने पाळलेले सत्य फार मिरवू नये. त्या मुलीचे इंग्रजी मी संध्याकाळी घेतो, त्याला मी उपकार म्हणत नाही. सत्याच्या बिलातला तो माझा वाटा आहे.

पण खोटे नाव घातले असते, तर फसला असता तो एकटा संग्राहकच का? आजोबांनी एकच खरा शब्द मागे ठेवला होता, 'जर्मन'. त्या शब्दावर आमच्या बनावट दाखल्याचा डाग बसला असता. आणि वुपरकाठी धूळ खात बसलेल्या त्या माणसाच्या कामाचे श्रेय दुसऱ्यांदा कुणा पेढीच्या खाती जमा झाले असते; या वेळी माझ्या हस्ताक्षरात.

शाळेच्या हजेरीपटात कधीकधी एखाद्या मुलाच्या बापाच्या नावाचा रकाना रिकामा असतो. तो बघवत नाही, काहीतरी लिहून टाकावेसे वाटते. परंतु रिकाम्या रकान्यामुळे ते मूल कमी होत नाही. आपल्याला माहीत नाही तिथे जागा कोरी ठेवणे, हाही त्या अनोळखी माणसाला दिलेला मानच आहे. वस्तऱ्याचा दांडा कोराच राहिला. तो गेला त्या दिवशी अण्णांनी त्याला शेवटची धार लावली आणि आपल्या मनगटावरचे केस सहज उतरवून पाहिले. आजोबांना ती धार पसंत पडली असती, असे ते म्हणाले.