सांगितलं म्हणजे कळलं का?

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. अंघोळ करताना आमच्या अक्कांच्या हाताला छातीतली गाठ लागली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, वय ६१. घरातल्या पुरुषमंडळींना सांगायचा संकोच, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. आम्ही दोघी बेळगावातल्या एका दवाखान्यात गेलो. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली आणि दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलो.

डॉक्टर भले होते, हे आधीच सांगते. "या, बसा," म्हणाले, ते आपल्याच मराठीत. सिस्टरशी कानडीत बोलत होते, तीही अक्कांच्या माहेरची भाषा. पण रिपोर्टचा कागद हातात घेतला आणि त्यांची भाषाच बदलली. "बायरॅड्स फोर ए आहे. बायोप्सी करून घेऊ. काही विचारायचंय?" अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, "नाही, डॉक्टर." पाच मिनिटांच्या आत आम्ही बाहेर.

ती मान मी का हलवली, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. मला काडीचंही कळलं नव्हतं. पण मी बी.ए. झालेली, महिला मंडळात निबंध वाचणारी. "हे फोर म्हणजे काय हो?" असं विचारायची मला लाज वाटली. बाहेर माणसं ताटकळलेली, डॉक्टर घाईत, आपण कशाला वेळ खायचा, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर ऐकायची भीतीही वाटली.

बायोप्सीसाठी तुकडा काढला. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. त्या आठवड्यात अक्का नेहमीसारख्याच वागल्या. पहाटे बस्तीत अभिषेकाला जाणं, सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढणं, कशात खंड नाही. सहाव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले, तर पलंगावर तीन रुमाल पसरलेले. एकात पाटल्या, एकात बोरमाळ, एकात कुड्या आणि चांदीची पूजेची भांडी. दोन सुना आणि एक लेक, अशी वाटणी चालली होती. मला म्हणाल्या, "चौथी स्टेज आहे गं. डॉक्टर बोलले की तुझ्यासमोर. आता पुन्हा पुन्हा कशाला विचारायचं?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. रात्री मी माझ्या डॉक्टर भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, बायरॅड्स म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. छातीचा फोटो बघून किती शंका वाटते, त्याचा तो शून्य ते सहा असा आकडा आहे. चार म्हणजे शंका आहे, तुकडा काढून तपासा. त्यातही ए म्हणजे शंका कमी. अशा शंभर बायकांत नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना कॅन्सर नसतो."

पाच वाक्यं. बोलायला अर्धा मिनिटही लागला नाही. त्या अर्ध्या मिनिटापायी एक बाई सहा दिवस आपलं मरण उशाशी घेऊन झोपली होती.

पुढं रिपोर्ट आला. पुतण्यानं दारातूनच वाचून सांगितलं, "निगेटिव्ह आहे." अक्का मटकन खाली बसल्या. आपल्या बोलण्यात निगेटिव्ह म्हणजे वाईट; तिथं निगेटिव्ह म्हणजे शोधलं ते सापडलं नाही! साधी गाठ निघाली. अक्का आज ठणठणीत आहेत. रुमाल मात्र अजून कपाटात तसेच बांधलेले आहेत.

शेवट गोड झाला म्हणून हे विसरून जावं का? मला तसं वाटत नाही. कारण न समजावण्याचं नुकसान नेहमी भीतीच्याच बाजूनं होतं असं नाही, निष्काळजीच्या बाजूनंही होतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना डॉक्टर म्हणाले होते, "क्रिएटिनिन थोडं वाढलंय, लक्ष ठेवा." मावशींनी 'थोडं' तेवढं ऐकलं. लक्ष कशावर ठेवायचं, ते कुणी सांगितलं नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या त्या रोज घेत राहिल्या. क्रिएटिनिन वाढणं म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावणं आणि अशा माणसाला वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच घातक, हे त्यांना पाय सुजल्यावर कळलं. एकीला उगाच मरण दिसलं, दुसरीला समोरचा खड्डा दिसला नाही. दोघींनाही 'सांगितलेलं' होतं.

म्हणून मला प्रश्न पडतो, सांगणं पुरं कधी होतं? तोंडातून शब्द निघाला की, की ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ उतरला की?

आपण दरवर्षी आषाढ वद्य प्रतिपदेला वीरशासन जयंती साजरी करतो. तिच्यामागची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं, समवसरण रचलं गेलं, श्रोते येऊन बसले. पण ६६ दिवस दिव्यध्वनी खिरलीच नाही. इंद्रभूती गौतम आले, गणधर लाभले, तेव्हा ती वाणी प्रकटली. पूर्वी मला वाटायचं, सर्वज्ञाला कुणाची वाट का बघावी लागावी? आता वाटतं, या कथेत मोठं शहाणपण आहे. ज्ञान पूर्ण होतं, श्रोते उत्सुक होते, तरी ते झेलून लोकांपर्यंत नेणारा हवा होता. आणि वाणी प्रकटली ती अशी, की प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत कळली. जाणणं एक आणि पोचवणं दुसरं. डॉक्टरांकडं जाणणं आहे. पोचवण्याचं काम मात्र कागदावर सोडून दिलेलं आहे, आणि कागद काही गणधर नव्हे.

भाच्याशी मी यावरून भांडलेच. तो म्हणाला, "मामी, सकाळपासून ६० पेशंट. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर रात्र होईल. शिवाय मी 'बहुतेक काही नाही' म्हणालो आणि नंतर कॅन्सर निघाला, तर हेच नातेवाईक माझी कॉलर धरतील. त्यापेक्षा रिपोर्टातला शब्द तसाच सांगणं सुरक्षित."

त्याचं म्हणणं खोटं नाही. गर्दी खरी आहे, भीती खरी आहे. आपण नातेवाईकही कमी नाही. एकीकडं "सगळं नीट सांगा" म्हणतो आणि दुसरीकडं डॉक्टरांच्या कानात "आईला काही सांगू नका" असंही आपणच पुटपुटतो. पण वेळेबद्दल मी त्याला विचारलं, "मला पाच वाक्यं सांगायला तुला किती वेळ लागला?" तो गप्प बसला.

राहिला अनिश्चिततेचा प्रश्न. त्याचं उत्तर तर आपल्या घरातच आहे. स्याद्वादातल्या 'स्यात्'चा अर्थ पुष्कळ लोक 'कदाचित' असा करतात. तो तसा नाही. 'या अपेक्षेनं पाहिलं तर असं आहे', हा त्याचा अर्थ. "फोटोच्या अपेक्षेनं थोडी शंका आहे. खात्री तुकडा तपासल्यावर होईल. तोपर्यंत घाबरून जायचं कारण नाही, पण तपासणी टाळायचीही नाही." यात कुठं खोटी आशा आहे? कुठं खोटं वचन आहे? जेवढं माहीत आहे तेवढं, आणि ते कशाच्या आधारानं माहीत आहे, एवढंच सांगायचं. अवघड शब्दाआड लपून सुरक्षित राहता येतं, पण ते सत्य नव्हे. आपल्या भाषा समितीत बोलणं हित, मित आणि प्रिय असावं म्हणतात. "बायरॅड्स फोर ए" हे मित होतं, अगदी मोजून तीन शब्दांचं. पण त्यात हित कुणाचं झालं?

हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मारायचा हेतू नसला तरी पाऊल न बघता टाकलं तर दोष लागतो. मग शब्द न बघता टाकला तर? मी त्या डॉक्टरांना दुष्ट म्हणणार नाही. पण ते सहा दिवस त्या बेसावधपणाच्या खात्यावर लिहायला हवेत. अर्धे त्यांच्या आणि अर्धे माझ्या, कारण "काही विचारायचंय?" असं त्यांनी विचारलं होतं आणि मी "नाही" म्हणाले होते.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. त्यात पहिलाच हक्क माहितीचा आहे. रुग्णाला कळेल अशा भाषेत आजार समजावून घेण्याचा. हे वाचल्यावर मला धीर आला. म्हणजे विचारणं हा आगाऊपणा नाही, तो आपला हक्क आहे.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. कुणाबरोबरही दवाखान्यात गेले की उठण्यापूर्वी म्हणते, "डॉक्टर, मला काय कळलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर सांगा." पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली होती. पण बहुतेक डॉक्टर थांबतात, ऐकतात, आणि बऱ्याचदा माझं काहीतरी चुकलेलंच असतं. मग ते पेन काढून कागदाच्या मागं चित्र काढून दाखवतात. रागावलेला एकच भेटला.

परवा अक्कांना पुन्हा तपासणीला नेलं. तेच डॉक्टर, तीच खुर्ची. "काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का पदर सावरून पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "होय तर. पहिल्यापासून सांगा बघू, सावकाश."