घरची शाळा आणि गावाची लाज

अमेरिकेत मुलांस शाळेत न घालता घरीच शिकविण्यास कायद्याची मुभा आहे, आणि असा मार्ग पत्करणारी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. अशा मुलांसाठी कित्येक ऐतिहासिक स्थळी खास दिवस राखून ठेवितात. आईबाप बरोबर जातात व बऱ्याचदा मुलांइतकेच शिकून परततात. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे अशा स्थळांपैकीच एक. १६९९ पासून १७८० पर्यंत हे राजधानीचे गाव होते. पुढे १९२६ साली गुडविन नामक धर्मोपदेशकाच्या आग्रहाने आणि धाकट्या रॉकफेलरांच्या द्रव्याने त्याचा जीर्णोद्धार सुरू झाला. लोहाराचा भाता, छापखान्यातील खिळे, सुताराचा रंधा, सारे डोळ्यांदेखत चालते. मुलांस याहून रम्य पाठशाळा कोणती?

परंतु राज्यक्रांतीच्या सुमारास या गावातील निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती व त्यांतील बहुतेक गुलाम होते. जीर्णोद्धार झाल्यावरही पन्नासएक वर्षे या निम्म्या गावास तेथे जवळजवळ वाचाच नव्हती. पुढे ती लाभली, आणि १९९४ च्या ऑक्टोबरात तेथील कृष्णवर्णीय कलावंतांनी गुलामांच्या लिलावाचा प्रवेश भर रस्त्यात करून दाखविला. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनीच त्यास विरोध केला. पूर्वजांच्या यातनांचा तमाशा होऊ नये, हे त्यांचे म्हणणे क्षुद्र नव्हते. तथापि त्यांच्यातील एका पुढाऱ्याने प्रयोग पाहून आपले मत बदलले, हेही नमूद केले पाहिजे.

लहान मुलास असे काही दाखवावे काय? घरी शिकविणारा बाप काय सांगावे हे जसे ठरवितो, तसे काय गाळावे हेही ठरवितो. आम्ही त्यास दोष देत नाही. आम्हीही एका मुलीचे वडील आहोत, आणि पेशवाईचा इतिहास तिला सांगताना दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आम्ही सोयीस्करपणे वगळल्या होत्या. वय लहान, असे कारण आम्ही मनाशी दिले. खरे पाहता लाज आमची होती, वय तिचे पुढे केले. घराबाहेर, परक्या माणसाच्या तोंडून, आईबापांच्या देखत असे काही कानी पडावे, यातच अशा स्थळांचे खरे मोल आहे असे आम्हांस वाटते. मात्र ऐकणारे मूल केवढे आहे याचा विवेक सांगणाऱ्याने राखलाच पाहिजे. दुःखाचा बाजार मांडून कोणीच शहाणे होत नाही.

याच गावात १७६० साली लंडनच्या एका धर्मादाय मंडळाने कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली होती. अॅन वेजर नावाच्या बाई तेथे वाचन व धर्मपाठ शिकवीत. गुलामाने आपली पायरी ओळखून राहावे, हाही त्या शिकवणीचा एक हेतू होता. पण अक्षर एकदा ओळखीचे झाले, की कोणते पुस्तक उघडावे हे शिकविणाऱ्याच्या हाती राहत नाही. १७७४ साली बाई वारल्या व शाळा बंद पडली. तिची इमारत पुढे कॉलेजच्या आवारात कोणाच्या ध्यानीमनी नसता उभी होती. ती २०२० साली ओळखू आली व २०२३ साली उचलून जुन्या गावात आणली. घरी शिकणारे एखादे मूल आज तिच्यासमोर उभे राहून बापास विचारील, की येथल्या मुलांस शिकवावयाचे होते काय, आणि ती शिकली काय?