पन्नास मिलिलिटर

2024 च्या जूनअखेर आमच्या दुधाच्या पिशवीत पन्नास मिलिलिटर दूध जास्त येऊ लागलं. कोणी मागितलं नव्हतं. बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनात आमच्या कोपऱ्यावर नंदिनीचं बूथ आहे, तिथं पहाटे साडेपाचला निळ्या पिशव्यांचे क्रेट उतरतात. बूथवाल्या अण्णांनी पिशवी हातात ठेवत "फिफ्टी एमएल फ्री, सार" असं सांगितलं आणि चोवीस रुपये घेतले. आदल्या दिवशीपर्यंत बावीस होते. म्हणजे फुकटाचे दोन रुपये.

नंदिनी विकणाऱ्या कर्नाटक दूध महासंघाचं म्हणणं तसं हिशेबाला धरून होतं. त्या वर्षी दूध उदंड झालं होतं, रोजचं संकलन कोटी लिटरच्या घरात गेलेलं. तेव्हा अर्ध्या लिटरच्या पिशवीत 550 आणि लिटरच्या पिशवीत 1050 मिलिलिटर भरायचं, नि पिशवीमागे दोन रुपये जादा घ्यायचे. ही दरवाढ नव्हेच, असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले. मी कागदावर मांडून पाहिलं. पाचशेला बावीस म्हणजे लिटरला 44. साडेपाचशेला चोवीस म्हणजे लिटरला 43 रुपये 64 पैसे. खरंच की, छत्तीस पैशांनी स्वस्त! फक्त खिशातून रोज दोन रुपये जास्त जात होते.

त्या जादा दुधाचं करायचं काय, हा प्रश्न बायकोनं आठवडाभरात सोडवला. स्टीलची एक छोटी वाटी काढली आणि रात्री त्यात पन्नास मिलिलिटरचं विरजण लावायला सुरुवात केली. दोन माणसांच्या घरात सकाळी पोह्यांवर घ्यायला पुरेल एवढं दही. नऊ महिने ती वाटी ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीशेजारी, झाकणावर बशी ठेवून बसलेली असायची. मग 1 एप्रिल 2025 आला. दूध लिटरला चार रुपयांनी महागलं आणि पिशव्या पूर्वीच्या मापावर आल्या. लिटरची पिशवी 46 ला. अर्ध्या लिटरची? चोवीसच. किंमत जागच्या जागी, पन्नास मिलिलिटर तेवढं परत गेलं. लिटरला 44 वरून 48 पर्यंतचा हा प्रवास थेट झाला असता तर चार दिवस बोंब झाली असती. मधे दह्याचा थांबा लागला म्हणून तो आम्हाला जाणवला नाही.

हे मी कौतुकानं सांगतोय, कारण हा माझा धंदा होता. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी बावीस वर्षं काढली, त्यातली सात पॅकेजिंगमध्ये. त्या खात्यात 'महाग' हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'ग्रॅमेज' म्हणतात. पाच रुपयांच्या पुड्याची किंमत वाढवता येत नाही, कारण पाच रुपये हे नाणं आहे. पोरगं ते मुठीत धरून दुकानात येतं. सहा रुपये केले की दुकानदार सुट्टे शोधतो, सापडले नाहीत की शेजारची बरणी उघडतो. मग किंमत तीच ठेवून आतला माल कमी करायचा. त्यातही रीत असते. पुड्याचं फळीवर दिसणारं अंग, म्हणजे पुढची लांबी-रुंदी, जमेल तोवर हलवायची नाही. जाडी घ्यायची. आधी एक बिस्किट कमी, पुढच्या वर्षी उरलेली जरा पातळ. एका बैठकीत मी बावळटासारखं विचारलं होतं, की सरळ आठ रुपये लावून पूर्वीएवढा पुडा का देऊ नये. आमचे साहेब हसले. म्हणाले, गिऱ्हाईक किंमत वाचतं, वजन वाचत नाही. त्या दिवसापासून मी वजन वाचतो. जडलेली सवय आहे, बायकोला तिचा वैताग येतो.

कायदा या खेळाच्या मागोमाग धावत असतो, थोडा धापा टाकत. पुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती 1990 ची. पूर्वी बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच विकायच्या अशी यादी होती. 2021 च्या दुरुस्तीनं ती गेली आणि तिच्या जागी एकक किंमत आली, म्हणजे प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किती पडतं ते छापायचं. कल्पना उत्तम. अक्षर मात्र असं, की चाळिशी ओलांडलेल्या माणसानं ते वाचायला दुकानाबाहेर उन्हात यावं. पुढं 22 सप्टेंबर 2025 ला बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला तेव्हा तर गंमतच. पाचाचा पुडा साडेचारच्या आसपास विकायचा म्हटलं तर सुट्टे कुठून आणणार? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011 सालीच चलनातून गेली. चढताना जे नाणं भिंतीसारखं आड येत होतं, तेच उतरताना आड आलं. म्हणून काही कंपन्यांनी भाव तोच ठेवून वजन वाढवायचं ठरवलं. जाडी परत आली म्हणायची.

आता तर पुडाही लागत नाही. 2023 च्या एप्रिलात घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका ॲपनं दर ऑर्डरवर दोन रुपयांचं 'प्लॅटफॉर्म शुल्क' लावलं. सुरुवात बेंगळुरू आणि हैदराबादपासून, म्हणजे प्रयोगाचा उंदीर होण्याचा मान आमच्या शहराला. दोन-अडीच वर्षांत हे शुल्क बारा रुपयांच्या पुढं गेलं. फलाट ही वस्तू आम्ही रेल्वे स्टेशनावर पाहिलेली. इथं तो कुठं आहे नि त्याची झाडलोट कोण करतं, ते काही कळलं नाही.

दुधाच्या चार रुपयांचा मात्र मला तेवढा राग येत नाही, आणि तो का येत नाही हे मी बरेच दिवस धुंडाळत होतो. नऊ महिने मलाही दह्यावर झुलवलं, तरीही. कारण बहुधा असं, की हे चार रुपये मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरले, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले, विरोधकांनी आरडाओरडा केला, आणि पैसे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला जातील असं सरकारनं जाहीर सांगितलं. पटो न पटो, कुणाच्या नावानं बोटं मोडायची ते ठाऊक होतं. बिस्किटाच्या पातळ झालेल्या अंगाला असा पत्ताच नसतो. भाव वाढला तर माणूस भांडतो तरी. वजन घटलं तर तो स्वतःच्याच भुकेवर संशय घेतो.

येलहंक्यात अजून असा पत्ता असलेली दुकानं आहेत. हे गाव बेंगळुरूपेक्षा जुनं. 1537 च्या सुमाराला शहर वसवणारे केंपेगौडा मूळचे इथले नाडप्रभू. 2008 ला पलीकडे देवनहळ्ळीत विमानतळ सुरू झाला आणि आम्ही गावाचे 'विमानतळाच्या वाटेवरचे' झालो. जमिनीला सोन्याचा भाव, तळ्यांना कुंपण. पण जुन्या बाजाराच्या बाजूच्या दर्शिनीत उभ्याउभ्या कॉफी पिताना आजही दोघं जण 'बाय टू' मागतात. एक कॉफी, दोन पेल्यांत. ब्राझीलमधला दुष्काळ नि व्हिएतनाममधली टंचाई यांनी कॉफी महागली, दूधही महागलं, तसा त्या हॉटेलवाल्यानं पाटीवरचा आकडा दोनदा खडूनं पुसून लिहिला. पेला तोच. अर्धा करायचा तर गिऱ्हाईक आपण होऊन करतं, मित्राच्या साक्षीनं.

आता एका बेटाचं सांगतो. आम्हा कंपनीवाल्यांना या सगळ्याचा शीण आला, की आम्ही गोव्याला पळतो. किनाऱ्यावर गर्दी असते म्हणून हल्ली बेटांवर. माझी आत्या सावंतवाडीहून लग्न होऊन दिवाडी बेटावर गेली, पन्नासेक वर्षांपूर्वी. तेव्हा माझं बेट वशिल्याचं आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीत चढायचं, मांडवी ओलांडायला पाच-सात मिनिटं. पायी माणसाला तिकीट नाही. 2023 मध्ये दुचाक्यांना पैसे लावायचं निघालं होतं, तेव्हा बेटांवरून इतकी ओरड झाली की ते बारगळलं. निवांत माणसं वेळ आली की छान ओरडतात.

'सुशेगाद' या पोर्तुगीज वळणाच्या शब्दावर पर्यटनवाल्यांनी बराच माल विकलाय. त्यांच्या चित्रात माणूस व्हरांड्यात आरामखुर्चीवर असतो. आत्याच्या घरामागं खाजन आहे, त्या चित्रात ते कधी नसतं. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध, बांधात 'मानस' नावाचं लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या जोरानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात. दार आपलं आपण चालतं, बांध नाही. एक भगदाड पडलं तर शेत खारावतं आणि काही हंगाम हातचे जातात. म्हणून 'गावकरी' या सामाईक व्यवस्थेच्या काळापासून बांधाची राखण सगळ्यांनी मिळून करायची. हा निवांतपणा शेकडो वर्षं चिखलात उभं राहून कमावलेला आहे, आणि तोही सलग नाही. इथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ सोळाव्या शतकात पाडलं गेलं, देव नदीपलीकडं नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. ऑगस्टातला बोंदेरांचा सण तर मुळात वाड्यावाड्यांच्या हद्दींच्या भांडणाचा. निशाणं रोवून हद्द दाखवायची, दुसऱ्यानं ती पाडायची. आज त्याची मिरवणूक झालीय.

सकाळी भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागं पाट्यात पाव, वर निळं प्लॅस्टिक. गेल्या खेपेला मी व्हरांड्यात असताना आत्यानं एक पाव उचलला, तळहातावर तोलला आणि म्हणाली, "हो पाव न्हय रे, हें बिस्कूट!" पोरगा वीस-बावीस वर्षांचा. "मैद्याचें मोल वाडलां, माय," तो खाली बघत म्हणाला. आत्या म्हणाली, "मोल वाडय, पूण पाव ल्हान करूं नाका."

पॅकेजिंगमधल्या सात वर्षांत जे ठासून बोलायची माझी प्राज्ञा झाली नाही, ते तिनं फाटकापाशी उभं राहून एका वाक्यात सांगितलं. पोरानं पाच पावांवर सहावा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाव तेवढाच होता, आत्या पुन्हा तेच बोलली, आणि सहावा पुन्हा आला. हे किती दिवस चाललंय कोण जाणे. मी त्या पोराला गाव विचारलं. हावेरी जिल्हा. मग आम्ही कन्नडमध्ये बोललो. भट्टी मूळ गोंयकाराची, ती आता त्याच्या मामानं चालवायला घेतलीय. रात्री एकला उठतो, दुपारी झोपतो. बेटाचा सुशेगाद पाव हावेरीच्या जागरणावर फुगतो. खोलीचं भाडं वाढलंय म्हणाला. घरमालकाला आता महिन्याचं भाडं नको, रात्रीचं हवंय.

रात्रीचं भाडं देणारे कोण, हे त्यानं सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती. आत्याच्या घरापासून तिसरं, शिंपल्यांच्या खिडक्यांचं जुनं घर, बारा वर्षं कुलूपबंद होतं. ते आता एका बाहेरच्या माणसानं घेतलंय आणि रंगवून पाहुण्यांना देतोय. ऑफिसात मीच दिवाडीचे फोटो दाखवले होते. "गर्दी नाही, स्वस्त आहे, नेटवर्क बरं आहे," असं पाच-सहा जणांना मीच सांगितलं, त्यातले तिघं लॅपटॉप घेऊन महिना-महिना राहून आले. ग्रॅमेजवाला माणूस जिथं जाईल तिथं पाव लहान करतो म्हणायचा.

निघायच्या आदल्या रात्री जेवताना आत्यानं विचारलं, तुमच्याकडं दूध काय भावानं. मी तिला पन्नास मिलिलिटरची सगळी हकीकत सांगितली, छत्तीस पैशांच्या हिशेबासकट. तिनं ताटातली सोलकढी संपवली. "कोणी मागितलेलं का रे?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. "मग घेतलंस कशाला?"

सकाळी फेरीच्या रांगेत माझ्यापुढं दोन गाड्या होत्या. मागं एक. पुढच्या दोन्ही केएच्या, त्यातली एक केए-50, म्हणजे आमच्याच येलहंका आरटीओची. त्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मला विचारलं, इथं आत कुठं घर वगैरे मिळतं का भाड्यानं, एखाद-दोन महिन्यांसाठी. मी म्हटलं, माहीत नाही हो. फेरी लागली, आणि पोदेराची सायकल आमच्या सगळ्यांच्या आधी, फुकट, आत गेली.